अर्धी काठी

गेल्या ३१ मार्चला रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वर्षअखेरीच्या रात्री साहेब केबिनमध्ये बोलावतात, तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर काहीतरी जुळत नसतं, नाहीतर जे जुळलंय ते मुळातच चुकीचं असतं. पण त्या दिवशी तिसरीच शक्यता निघाली. साहेब म्हणाले, "स्ट्राँगरूममध्ये कोपऱ्यात एक पोतं पडलंय. ते निकाली काढा. ऑडिटवाले दर वर्षी विचारतात."

पोतं उघडलं तर आत पितळी टोकनं. ज्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत बँकेचं तोंड फक्त मोबाइलमध्ये पाहिलं आहे, त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी पैसे काढायची स्लिप किंवा चेक काउंटरवर दिला, की आम्ही हातावर एक पितळी बिल्ला ठेवत असू. त्यावर नंबर. मग गिऱ्हाइकानं बाकड्यावर बसायचं आणि कॅशियरच्या आरोळीची वाट बघायची. मी बँकेत लागलो तेव्हा खातेवह्यांचे शेवटचे दिवस होते, पण टोकनं जोरात होती. रजिस्टरला नोंद होती १२० टोकनांची. पोत्यात निघाली ११७. म्हणजे आपला नंबर कधीतरी पुकारतील या आशेवर तीन माणसं अजून कुठेतरी बसून आहेत, असा त्याचा हिशेबी अर्थ.

पोतं दुसऱ्या दिवशी रीतसर भंगारात गेलं. एक टोकन मात्र मी रीतसर किंमत भरून (वजनावर चोवीस रुपये, पावतीसह) घरी आणलं. नंबर ५७. बायको म्हणाली, "हे काय आता नवीन?"

"नवीन नाही, जुनं आहे."

"मग तर आणखीच नको!"

चिरंजीवांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "बाबा, हे स्कॅन कुठून करायचं?"

अशा वेळी मला इंग्रजांची फार आठवण येते. राज्यकर्ते म्हणून नव्हे. त्याबद्दल माझ्या आजोबांनी जे बोलायचं ते बोलून ठेवलेलं आहे. आठवण येते ती जुनी वस्तू टाकवत नसलेला एक समदुःखी म्हणून. आपल्या घरात माळा असतो. इंग्रजांचा अख्खा देशच माळा आहे. फरक एवढाच, की आपण माळ्यावर टाकलेली वस्तू विसरतो आणि इंग्रज ती वर्षातून एकदा खाली काढून, झगे घालून तिची मिरवणूक काढतो.

आता हेच बघा. लंडन शहराची जी महापालिका आहे, म्हणजे मधल्या जुन्या 'सिटी'ची, ती दर वर्षी राजाला दोन जागांचं भाडं भरते. एक जागा श्रॉपशायरमधली. तिचं भाडं, एक बोथट सुरा आणि एक धारदार सुरा. हल्ली सुऱ्याऐवजी कोयता आणि कुऱ्हाड देतात. ही नोंद १२११ सालची. दुसरी जागा लंडनच्या स्ट्रँडजवळच्या एका लोहाराच्या भट्टीची. तिचं भाडं, घोड्याचे सहा नाल आणि एकसष्ट खिळे. ही नोंद १२३५ ची. भट्टी केव्हाच गेली. श्रॉपशायरमधली जमीन नेमकी कुठली, हे आता कुणालाच ठाऊक नाही. भाडं मात्र चालू आहे! न्यायालयात रीतसर समारंभ होतो. कोयता बोथट आहे आणि कुऱ्हाड धारदार आहे, हे काटक्या तोडून सिद्ध करतात. मग खिळे एकेक करून मोठ्यानं मोजतात आणि एकसष्ट भरले की राजाचा अधिकारी संख्या बरोबर असल्याचा निर्वाळा देतो.

आणि गंमत म्हणजे, ते नाल आणि खिळे दर वर्षी तेच. राजा घेतो आणि पुढच्या वर्षी भरायला परत उसने देतो. आमच्या भाषेत याला कर्ज 'एव्हरग्रीन' करणं म्हणतात आणि त्याबद्दल मेमो मिळतो. इंग्रज त्याला परंपरा म्हणतो आणि त्याबद्दल त्याला पर्यटक मिळतात.

तुम्ही म्हणाल, हा सगळा पोरखेळ. मलाही तसंच वाटायचं. पण मी बी.कॉम. आहे (सेकंड क्लास, सहा मार्कांनी फर्स्ट हुकला), आणि हिशेबाच्या माणसाला सवय असते, की आकडा वेडगळ दिसला तर आधी मागची पानं उलटायची. तशी उलटली, तर परंपरेबद्दल दोन-तीन मजेदार गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे, बहुतेक पुरातन परंपरा काही फारशा पुरातन नसतात. इंग्रजांचा तो तांबडा टेलिफोन बूथ घ्या. कॅलेंडरवर, चहाच्या डब्यावर, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावर, सगळीकडे तो असतो. तो जाइल्स गिल्बर्ट स्कॉट नावाच्या वास्तुविशारदानं १९२४ च्या स्पर्धेसाठी तयार केला. त्यानं रंग सुचवला होता चंदेरी, आणि आतून हिरवट निळा. टपाल खात्यानं लाल करून टाकला. पुढे गावागावांत हे बूथ गेले तेव्हा लोक खूश झाले असतील, असं तुम्हांला वाटेल. छे! आमच्या हिरव्यागार खेड्यात हे लालभडक काय आणून ठेवलं, म्हणून तक्रारी झाल्या. काही निसर्गरम्य ठिकाणी बूथ करड्या रंगाचे करावे लागले. आणि १९८० च्या दशकात टेलिफोन कंपनी तेच बूथ काढायला निघाली, तेव्हा 'आमचा वारसा चालला हो' म्हणून लोक आडवे पडले. नातवंडांनी जे वाचवलं ते आजोबांना नको होतं! शेवटी कंपनीनं एक एक पौंडाला ते बूथ गावांना देऊन टाकायची योजना काढली. आता कुणी त्यात पुस्तकं ठेवलीत, कुणी हृदयविकाराच्या झटक्यात वापरायचं यंत्र. फोन करायला मात्र सगळे खिशातला मोबाइल काढतात.

तीच गत टपालपेटीची. इंग्लंडात रस्त्यावर टपालपेट्या बसवायची कल्पना अँथनी ट्रॉलप या टपाल खात्यातल्या नोकरदारानं १८५२ च्या सुमारास चॅनल बेटांत अमलात आणली. हा गृहस्थ पहाटे उठून कादंबऱ्या लिही आणि मग ऑफिसला जाई. (मीही पहाटे उठतो, पण आमच्याकडे पाणी पहाटे येतं.) तर त्या पेट्यांना १८५९ मध्ये एकसारखा रंग ठरला, तो हिरवा. मग लोकांना त्या झाडाझुडपांत दिसेनात म्हणून १८७४ पासून लाल रंग सुरू झाला. म्हणजे इंग्रजांच्या राष्ट्रीय लाल रंगाचं मूळ कारण, पेटी सापडत नव्हती!

चहाचं तर विचारूच नका. झाड चिनी, मळे आसामचे, साखर वेस्ट इंडीजची आणि पेय इंग्रजांचं राष्ट्रीय. १९४० साली महायुद्धात चहावर रेशन आलं, माणशी आठवड्याला दोन औंस. ते उठलं १९५२ मध्ये. बारा वर्षं हे लोक चहा मोजून प्यायले. त्यांचं साम्राज्य का गेलं याची इतिहासकार वेगवेगळी कारणं देतात. हे कुणी देत नाही.

आणि त्यांच्या वरिष्ठ सभागृहात लोकरीची ती प्रसिद्ध गादी आहे. इंग्लंडची भरभराट लोकरीच्या व्यापारावर झाली, त्याची आठवण म्हणून ठेवलेली लोकरीची बैठक. १९३८ साली ती उसवून बघितली, तर आत लोकर नाही, घोड्याचे केस! मग कॉमनवेल्थ देशांतून लोकर मागवून ती पुन्हा भरली. याला आमच्याकडे 'फिजिकल व्हेरिफिकेशन' म्हणतात. परंपरेचं ते अधूनमधून करावं, एवढाच याचा बोध.

दुसरी गोष्ट म्हणजे, जी परंपरा रोज खिशात असते ती सोडताना जास्त दुखतं. राजवाड्यासमोरचा पहारा बदलला काय, न बदलला काय, सामान्य माणसाला फरक पडत नाही. पण पैसे बदलले की पडतो.

इंग्रजांचं जुनं नाणं म्हणजे आमच्यासारख्या कारकुनांना फेफरं आणणारा प्रकार होता. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड; म्हणजे पौंडाच्या पेनी दोनशे चाळीस. त्याखेरीज दोन शिलिंगांचा फ्लोरिन आणि अडीच शिलिंगांचा हाफ-क्राउन. आणि गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. गिनीचं नाणं पाडणं १८१४ सालीच बंद झालं, पण पुढे दीडशे वर्षं डॉक्टर-वकील फी मागत ते गिनीत. पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त आणि वर सभ्यपणाही!

आता यात शहाणपण काहीच नव्हतं, असं नाही. दोनशे चाळीसला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा अशा सगळ्यांनी भाग जातो. शंभराचे तीन भाग करा पाहू. एक पैसा उरतोच, आणि त्या एका पैशापायी कारकून रात्री नऊपर्यंत बसतो. आपलंही तसंच होतं. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा. १ एप्रिल १९५७ ला आपण ते मोडून शंभर नव्या पैशांचा रुपया केला. इंग्रजांच्या चौदा वर्षं आधी! हा पराक्रम कुठल्याच भाषणात कसा येत नाही, याचं मला नवल वाटतं.

इंग्रजांनी सुरुवात मात्र आपल्या फार आधी केली होती. पौंडाचा बरोबर दहावा हिस्सा असलेला फ्लोरिन त्यांनी १८४९ मध्ये काढला, तो दशमानाचं पहिलं पाऊल म्हणूनच. पण त्या नाण्यावर 'देवाच्या कृपेने' ही अक्षरं राहून गेली आणि गहजब झाला. लोकांनी त्याला 'देव नसलेला फ्लोरिन' म्हटलं. दुसरं पाऊल पडायला १९७१ साल उजाडलं. एकशे बावीस वर्षांत दोन पावलं. आमच्या बँकेतली बढतीसुद्धा याहून जलद होते.

पण जे केलं ते नीट केलं, हे कबूल करायला हवं. निर्णय जाहीर झाला १९६६ मध्ये. १९६८ पासूनच शिलिंग आणि फ्लोरिनच्या मापाची नवी पाच आणि दहा पेनींची नाणी हळूच चलनात सोडली. व्यवहार मंदावलेले असतात म्हणून महिना निवडला फेब्रुवारी. आणि बँका बुधवारी, १० फेब्रुवारी १९७१ ला दुपारी साडेतीनला बंद झाल्या, त्या सोमवारी १५ तारखेला सकाळी दहाला उघडल्या. मधले चार दिवस आतले कारकून जुन्या पैशांतले चेक निपटत आणि प्रत्येक खात्याची बाकी नव्या पैशांत लिहीत बसले होते. हे वाचलं तेव्हा माझे डोळे पाणावले. पाच वर्षांची तयारी आणि वर चार दिवस! ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता आम्ही जेवायला बसलो होतो. आम्हांला मधे एक दिवस मिळाला.

आणि एवढं करूनसुद्धा इंग्रज माणूस एका नाण्यावर अडून बसला. सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनींचं नाणं. ख्रिसमसच्या पुडिंगमध्ये ते घालायचं, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं (दात शाबूत राहिले तर). लग्नात नवरीच्या बुटात ठेवायचं. ते नाणं जाणार म्हटल्यावर लोकांनी मोहीम काढली. शेवटी सरकारनं मान तुकवली आणि अडीच नव्या पेनी या चमत्कारिक किमतीला ते १९८० पर्यंत चालू ठेवलं. हसू नका. आपण आजही 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' म्हणतो ना? चवली-पावली बघितलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतील, पण भाजीवाली अजून पावशेर मिरच्या तोलून देते आणि ताजव्यात ठेवते अडीचशे ग्रॅमचं वजन. फक्त आपण त्याला राष्ट्रीय प्रश्न करत नाही. इंग्लंडात २००१ साली संडरलंडच्या एका भाजीवाल्याला पौंडाच्या काट्यावर केळी विकल्याबद्दल कोर्टानं दोषी ठरवलं, तर तो देशभर हुतात्मा झाला. आजही तिथे बिअर पाइंटात मिळते आणि रस्ता मैलात मोजतात.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. ती काठीची गोष्ट आहे. पितळी टोकनाला मी चोवीस रुपये का मोजले, त्याचं उत्तर तिच्यात आहे.

इंग्लंडच्या राजाचा खजिना बाराव्या शतकापासून पावत्या देई त्या काठीवर. हेझल नावाच्या झाडाची सरळ काठी घ्यायची आणि रकमेप्रमाणे तिला खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीइतकी खाच, शंभराला अंगठ्याइतकी, विसाला करंगळीइतकी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याइतकी, शिलिंगाला त्याहून बारीक, आणि पेनीला नुसता एक छेद. मग ती काठी खाचांसकट उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याच्या हातात, दुसरा खजिन्यात. वर्षअखेरीला दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. खाचेला खाच जुळली, लाकडाच्या रेषेला रेष जुळली, की हिशेब जुळला. सरकारी माणसानं आपल्या भागावर एक खाच वाढवली तर ती दुसऱ्या भागावर नाही. भरणाऱ्यानं आपली खाच खोल केली तर तीही उघडी पडणार. आणि लाकडाच्या रेषेची नक्कल राजाच्या बापालाही जमायची नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात जोडले. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बोटानं चाचपून कळेल, अशी ही पावती. आणि आम्ही स्लिप फाडून गिऱ्हाइकाला देतो ते 'काउंटरफॉइल' आठवा. खजिन्याकडच्या भागाला 'फॉइल' म्हणत आणि भरणाऱ्याच्या भागाला 'स्टॉक'. शेअरबाजारातला 'स्टॉक' हा शब्दसुद्धा याच काठीवरून आला, असं सांगतात. दलाल स्ट्रीटवर रोज कोट्यवधींची उलाढाल होते ती मुळात एका चिरलेल्या काठीची!

पण पुढे काय झालं? कागद आला, छापखाना आला, खातेवही आली. काठीची गरज संपली. तरी खजिन्यातले अधिकारी काठी सोडीनात, कारण काठीला खाचा पाडण्यावर त्यांच्या जागा आणि पगार होते. शेवटी अठराव्या शतकाच्या अखेरीला ती बंद करायचा कायदा झाला. पण जुने अधिकारी आपापल्या जागी असेपर्यंत चालू द्या, अशी त्यात सवलत. त्या सवलतीवर काठी १८२६ पर्यंत जगली. सुमारे सातशे वर्षं.

मग उरल्या ढिगांनी वाळक्या काठ्या. १८३४ साली त्यांची जागा हवी होती. गोरगरिबांना चुलीत घालायला द्यायच्या, हा साधा विचार कुणाला सुचला नाही. (हे मी नाही म्हणत, डिकन्सनं १८५५ साली एका भाषणात ही टर उडवली होती.) सरकारी मालमत्ता सरकारी भट्टीतच जाळली पाहिजे! १६ ऑक्टोबर १८३४ ला पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाखालच्या भट्ट्यांत दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या दिवसभर कोंबल्या. दुपारी चारच्या सुमारास सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना जमिनीचा चटका बुटांतून जाणवला, धुरानं भिंतीवरचे पडदे दिसेनात. तरी भट्टी चालूच. संध्याकाळी सहाला आग भडकली आणि रात्रीतून पार्लमेंटची दोन्ही सभागृहं जळून गेली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पार्लमेंटमध्ये देशाचा प्रमाण यार्ड आणि प्रमाण पौंड, म्हणजे ज्यावरून सगळ्या देशाची मापं ठरायची ती अस्सल मापं ठेवलेली होती. आगीत यार्ड निकामी झाला आणि पौंडाचं वजन तर नाहीसंच झालं. जुन्या हिशेबानं नवा हिशेब जाळला म्हणतात, तो असा.

इंग्रजांनी मग नवीन पार्लमेंट बांधलं, ते जुन्या धाटणीचंच हवं अशी अट घालून. त्याचंच ते घड्याळ, १८५९ चं. आपले लोक लंडनला जाऊन ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि 'केवढी पुरातन वास्तू' म्हणतात, ती खजिन्याच्या कारकुनांनी काठ्या वेळेवर टाकल्या असत्या तर झालीच नसती. आजही पार्लमेंटचं अधिवेशन सुरू होण्यापूर्वी राजाचे शिपाई कंदील घेऊन तळघर तपासतात, १६०५ सारखी कुणी दारू ठेवली आहे का म्हणून. सरपण ठेवलंय का, ते बघतात की नाही, कळायला मार्ग नाही.

ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली, तेव्हा आमचे साहेब खूश झाले. म्हणाले, "बघा! म्हणूनच मी म्हणतो, जुनं वेळेवर जाळावं."

मी तेव्हा मान डोलावली. साहेबांसमोर मी नेहमी आधी मान डोलावतो आणि विचार घरी जाऊन करतो. घरी विचार केला तेव्हा वाटलं, गोष्टीचा अर्धाच भाग आपण सांगितला. काठी टाकायला हवी होती, हे खरं. पण काठीतली चीर?

याचं उत्तरही इंग्लंडातच मिळतं, आणि तिथे हसू येत नाही. त्यांच्या त्या लाडक्या, लाल पेटीच्या टपाल खात्यानं १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांत 'होरायझन' नावाची कॉम्प्युटर प्रणाली बसवली. गावातलं किराणा दुकान सांभाळून पोस्टाची खिडकी चालवणारी ती माणसं. संध्याकाळी यंत्र सांगे, हजार पौंड कमी. दुसऱ्या दिवशी, दोन हजार कमी. करार असा, की कमी पडेल ते तुम्ही भरा. लोकांनी घरं गहाण टाकून भरले. फोन करून विचारलं, तर असा त्रास फक्त तुम्हांलाच होतोय, असं उत्तर मिळाल्याचं अनेकांनी पुढे सांगितलं. नऊशेंहून अधिक माणसांना चोर ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. २०१९ साली न्यायालयानं सांगितलं, की चुका यंत्रात होत्या. २०२४ मध्ये त्या शिक्षा सरसकट रद्द करायला पार्लमेंटला कायदा करावा लागला.

रोकड कमी भरल्यावर पोटात जो गोळा येतो, तो मला माहीत आहे. एकदा माझे पाचशे रुपये कमी पडले होते. मी तीन वेळा मोजले, ड्रॉवर उपडा केला, रडवेला झालो. तेव्हाचे आमचे हेडकॅशियर आले, दिवसभराच्या स्लिपा एकेक करून माझ्या नोंदींशी लावल्या आणि सातव्या मिनिटाला म्हणाले, "हे बघ बाळा, इथे तू पाचाचे दहा दिलेस." स्लिप होती म्हणून मी चोर ठरलो नाही, गाढव ठरलो. त्या इंग्रज पोस्टवाल्यांपाशी लाल पेटी होती, राजमुद्रा होती, सगळी परंपरा होती. नव्हता तो फक्त काठीचा आपला अर्धा भाग. दोन्ही भाग यंत्राच्याच पोटात.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना, मे महिन्यात साहेबांनी जाहीर केलं, की काउंटरवर पासबुकं भरून देणं आता कमी करा. प्रिंटर जुना झालाय, रिबिन मिळत नाही, लोकांना मोबाइलची सवय लावा. मी मान डोलावली. आणि नेमक्या त्याच दिवशी त्या आजी आल्या. दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शनला येतात. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमध्ये पासबुक.

"आजी, आता पासबुक कशाला? मोबाइलवर मेसेज येतो की," मी शिकवलेलं वाक्य म्हटलं.

"तेच विचारायला आलेय," आजी म्हणाल्या. त्यांनी पासबुक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे सतरा रुपये सत्तर पैसे कशाचे रे?"

बघितलं. मेसेज पाठवण्याचा आकार, तिमाही.

"माझ्याकडं मोबाइल कुठाय?"

नंबर बघितला. खात्याला लावलेला मोबाइल त्यांच्या यजमानांचा होता. ते जाऊन चार वर्षं झालेली. म्हणजे सोळा तिमाह्या आम्ही एका बंद पडलेल्या फोनवर, नसलेल्या माणसाला, आजींच्या पेन्शनची बातमी कळवत होतो आणि तिचे पैसे आजींकडून घेत होतो. दोनशे त्र्याऐंशी रुपये वीस पैसे. आजींना लिहिता-वाचता बेताचंच येतं. त्यांनी ते शोधलं होतं बोटानं, ओळीमागून ओळ चाचपत. खाच जुळत नव्हती, एवढंच त्यांना कळलं होतं.

मी पासबुक घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. या वेळी मान न डोलावता. साहेबांनी ते पान बराच वेळ पाहिलं. माणूस वाईट नाही. वरून येतं ते खाली सांगतो, एवढाच दोष. तो मलाही आहे. अर्ज लिहिला, पैसे परत जमा झाले. आणि प्रिंटरच्या रिबिनी कुठून मिळाल्या कुणास ठाऊक, पण मिळाल्या.

जून महिन्यात आजी पुन्हा आल्या. त्या दिवशी गर्दी होती. मी म्हटलं, "आजी, बसा बाकड्यावर, तुमचा नंबर आला की सांगतो."

"नंबर कुठला? आता बिल्ला देत नाहीस तुम्ही."

टोकन नंबर ५७ माझ्या टेबलावर पडलेलं असतं, कागद उडू नयेत म्हणून. ते मी त्यांच्या हातावर ठेवलं. आजींनी ते मुठीत धरलं, बाकड्यावर जाऊन बसल्या. वीस मिनिटांनी पासबुक भरून झालं, तेव्हा मी जुन्या हेडकॅशियरच्या थाटात आरोळी ठोकली, "सत्तावन्न!"

सगळी बँक दचकून माझ्याकडे बघायला लागली. आजी मात्र उठल्या, शांतपणे काउंटरवर आल्या, बिल्ला माझ्यापुढे ठेवला आणि आधी माझं, मग पासबुकाचं तोंड बघून म्हणाल्या, "मोजून घे हं. नाहीतर म्हणशील, आजीनं नेला."